मँचेस्टरचा कंडक्टर

या माणसाबद्दल माझी तक्रार आहे आणि ती अजून मिटलेली नाही. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्या हातून त्याच्याविषयी चार बरे शब्द लिहिले जातील आणि वाचणाऱ्याचा गैरसमज होईल.

अल-खोबरमध्ये त्याला सगळे कंडक्टर म्हणत. मूळचा सांगलीकडचा. आमच्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे एक ट्रॅव्हल एजन्सी होती, तिथल्या सर्वांत मागच्या टेबलावर तो बसे. डोक्यावर एसी ठिबकायचा, म्हणून त्याने टेबलाच्या कोपऱ्यात दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा ठेवला होता. गिऱ्हाइकाशी बोलताना मध्येच थेंब पडला की टप्प आवाज व्हायचा आणि तो क्षणभर थांबून मग पुढचं वाक्य बोलायचा. सौदी अरबात येण्याआधी तो मँचेस्टरमध्ये नऊ वर्षं बसचा कंडक्टर होता. पुढे तिथे ड्रायव्हरच पैसे घेऊ लागला आणि कंडक्टर कमी केले. "ड्रायव्हर तिकीट द्यायला लागला, मी खाली उतरलो," एवढंच तो त्याबद्दल सांगे.

एजन्सी साऱ्या जगाची तिकिटं विकायची, पण याला गोडी एकाच गावाची. लंडनचं गिऱ्हाईक आलं तर पुढच्या टेबलाकडे बोट दाखवायचा. "लंडनला कुणीही पाठवतं," म्हणायचा. मँचेस्टरचं नाव निघालं की मात्र खुर्ची पुढे ओढायचा. त्या काळात खोबरहून मँचेस्टरला जाणारे बरेच असत. तेलाच्या धंद्यातले इंजिनिअर ट्रेनिंगला जात, आमच्यासारखे व्यापारी माल बघायला जात, कुणाची मुलगी तिकडे दिलेली असे.

त्याची एक अट होती. परीक्षा दिल्याशिवाय तो तिकीट हातात देत नसे.

मी अतिशयोक्ती करत नाही. तिकीट तयार होऊन त्याच्या खणात पडलेलं असायचं, पैसे भरलेले असायचे, आणि तो समोर बसवून विचारायचा: स्टेशनातून बाहेर पडलात, बसथांबा कुठल्या हाताला? ड्रायव्हरला काय म्हणाल? खोलीतली गॅसची शेगडी विझली तर? दुकानं किती वाजता बंद होतात? उत्तर चुकलं की म्हणायचा, "नापास. उद्या या."

पुण्याचा एक इंजिनिअर होता, सूट घालून आलेला. त्याला कंडक्टरने ड्रायव्हरशी बोलायचं वाक्य म्हणायला लावलं. त्याने ते फाडफाड इंग्रजीत म्हटलं.

"शेवटी प्लीज राहिलं," कंडक्टर म्हणाला. "उतरा बसमधून."

"अहो, मी इंग्रजी माध्यमात शिकलोय."

"म्हणूनच विसरलात. उद्या या."

इंजिनिअर मालकाकडे गेला. मालक लेबनीज, त्याने खांदे उडवले. कंडक्टरकडून गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा त्याच्याकडेच येतं, हे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी इंजिनिअर निमूट येऊन प्लीज म्हणून गेला.

मी दोनदा नापास झालो. मी आठवीतून शाळा सोडलेला, दाभोळकडचा माणूस. इथे आलो तेव्हा डोक्यावर सिमेंटचे ब्लॉक वाहिले आणि बारा वर्षांनी पंप आणि मोटारींचं स्वतःचं दुकान उभं केलं. माझ्याशी भाव करताना भले भले अरब घाम पुसत. आणि हा माणूस मला विचारतो, "शेठ, रस्ता ओलांडताना आधी कुठे बघाल?"

"डावीकडे."

"मेलात. उद्या या."

"अहो, जन्मभर रस्ते ओलांडतोय."

"इथे बारा वर्षं राहून तुमची मान बिघडली आहे. गावाकडची मान परत लावा. आधी उजवीकडे."

मी त्याला जास्त कमिशन देऊ केलं, मग मालकाला सांगून त्याची खुर्ची काढून घेईन म्हणालो, मग हसून बघितलं. बाजारात यातलं काहीतरी लागू पडतंच. त्याने माझ्याकडे, एसी गळतो तसं, एकसारखं बघितलं आणि म्हणाला, "शेठ, हा भाव करायचा माल नाही."

त्याने शिकवलेलं मला आजही पाठ आहे, याचाच राग येतो. सुटी नाणी आधी खिशात ठेवा, ड्रायव्हर मोडून देईलच असं नाही. छत्री नेऊ नका, वाऱ्याने उलटते, टोपीचा कोट घ्या. नळ दोन असतात, एकातून कढत आणि एकातून बर्फासारखं, मिसळायची सोय नाही, बेसिनला बूच लावा. डिसेंबर-जानेवारीत दुपारी चारला काळोख पडतो, घाबरू नका, रात्र झालेली नसते. हलाल जेवण हवं असेल तर दक्षिणेकडच्या रस्त्याने चालत राहा, वासानेच कळेल. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, थांब्याचं नाव वाचत बसू नका, थांबे मोजा. "पाटी काढतात, रंगवतात, काचेवर वाफ धरते, वाचता येत नाही. मोजलेलं कुणी पुसत नाही."

कागदावर लिहून मात्र देत नसे. तोंडपाठच करायचं. तिथल्या पावसात कागदाचा लगदा होतो म्हणे.

मग त्याच्याकडे वही कशाला होती, असं कुणी विचारेल. ती गिऱ्हाइकासाठी नव्हती. मँचेस्टरहून परत आलेल्या प्रत्येकाने त्याच्यासमोर अर्धा तास बसायचं, ही दुसरी अट. तो काळ्या पुठ्ठ्याची लांब वही उघडायचा आणि खोदून खोदून विचारायचा. स्टेशनासमोरचं चहाचं दुकान आहे का? कुठला रस्ता खणलाय? त्या बाईच्या लॉजचं दार अजून हिरवंच आहे का? उत्तर मिळालं की जुनी ओळ पट्टी लावून खोडायची आणि खाली नवी लिहायची, पुढे सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख. तिथून निघून त्याला पंधरा-सोळा वर्षं झाली होती, पण त्याचं मँचेस्टर कधी जुनं झालं नाही ते या वहीमुळे. दुसऱ्यांच्या डोळ्यांनी तो ते गाव रोज झाडून पुसून ठेवायचा. स्वतः मात्र परत गेला नाही. एकदा विचारलं तर म्हणाला, "माझं काय काम आहे तिथे?" आणि डब्यातलं पाणी ओतून यायला उठला.

कुवेतवर इराकी सैन्य शिरलं आणि आमच्या गावाचा चेहरा बदलला. आधी कुवेतच्या नंबराच्या गाड्या आल्या, आत माणसं, गाद्या, पिंजऱ्यातले पक्षी. मग अमेरिकन शिपाई आले आणि धाहरानच्या विमानतळावरून दिवसभर लढाऊ विमानांचा गडगडाट सुरू झाला. वर्ष सरत आलं तसे लोक खिडक्यांना चिकटपट्ट्या लावू लागले. शेजारची पनवेलची बाई भाजी घ्यायलाही गॅसचा मुखवटा खांद्याला अडकवून जायची. माझी मुलं गावी शाळेला होती, एवढंच बरं होतं.

त्याच सुमाराला माझ्या बायकोच्या डोळ्यापुढे काळे ठिपके येऊ लागले. तिचा उजवा डोळा लहानपणी देवी येऊन गेलेला, सगळा भार डाव्यावर. खोबरच्या इस्पितळात एक इंग्रज डॉक्टर होता. त्याने तपासून सांगितलं, डाव्या डोळ्याचा पडदा सुटत चाललाय, ऑपरेशन केलं तर वाचेल, पण दिवस फार नाहीत. इथे ते करणारा माणूस लढाईच्या भीतीने मायदेशी गेलेला. मुंबईच्या विमानांत पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टर म्हणाला, "मँचेस्टरला माझे गुरू आहेत. ते गुरुवारी ऑपरेशन करतात. सकाळी नऊला दाखल झाली पाहिजे." त्याने पत्र दिलं, व्हिसाचंही त्यानेच जमवलं.

मी बरोबर जाणार होतो. माझा पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर माझा इथला परवाना होता त्या अरबाच्या, तिजोरीत, कफील कुटुंब घेऊन जिद्दाला गेलेला, तिजोरीची किल्ली त्याच्याकडे. मी टेलिफोनवर ओरडलो, विनवण्या केल्या. तो म्हणत राहिला, इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात. बायकोचा पासपोर्ट तेवढा घरी होता, मुलांकडे जाण्यासाठी तिच्या परतीच्या परवान्याचा शिक्का आधीच लागलेला. तिला एकटीला पाठवायचं ठरलं. एका डोळ्याने अधू, दुसऱ्यात ठिपके, इंग्रजीचे पाच-सहा शब्द. तिला घेऊन मी कंडक्टरपुढे उभा राहिलो.

त्या दिवशी त्याने मला खुर्ची दिली नाही, तिला दिली.

"वहिनी, पाटी वाचता येईल?"

"मराठी पण नाय दिसत आता नीट."

"उत्तम. म्हणजे तुम्ही मोजणार. वाचणारे चुकतात."

तीन दिवस रोज दुपारच्या नमाजानंतर तो तिला शिकवत होता. लंडनच्या विमानतळावर एअरलाइनची माणसं हाताला धरून गाडीत बसवतील, मँचेस्टरला लॉजवाली बाई घ्यायला येईल, एवढं त्याने टेलिफोन करून पक्कं केलं होतं. पण त्या बाईची सकाळी बेकरीत पाळी असे. गुरुवारी सकाळी लॉजपासून, म्हणजे स्टेशनासमोरच्याच थांब्यावरून, इस्पितळापर्यंत बायकोला एकटीनेच जायचं होतं. त्याने ऑफिसातल्या खुर्च्या एकामागे एक लावल्या, तिला दुसऱ्या खुर्चीत बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. स्वतः पुढे उभा राहून गाडी थांबली की टेबलावर टिचकी मारायचा.

"एक. बसून राहा. दोन. हा उतरतोय, तुम्ही नाही. तीन."

पुढच्या टेबलावरची माणसं कामं थांबवून बघायची. लेबनीज मालकही. सहाव्या टिचकीला ती उठायची, तीन पावलं पुढे, उजव्या हाताला लोखंडी कुंपण, कुंपण संपलं की फाटक. पाण्याचा कूलर म्हणजे फाटक. तिने हात लांब करून कूलरला लावला आणि हसली. आजाराचं कळल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

"पास," कंडक्टर म्हणाला. "पहिल्या नंबरात. शेठना दोनदा परत यावं लागलं होतं, तुम्हाला माहितेय?"

"सांगितलं नाय त्यांनी."

"नाही सांगणार."

मी तिथेच बसलो होतो. सहा हा आकडा मी माझ्या कानांनी तीन दिवस ऐकला.

मंगळवारी ती गेली. शुक्रवारी दुपारी लॉजवाल्या बाईच्या घरून टेलिफोन आला. आवाज लांबून, विहिरीतून यावा तसा.

"नाय झालं," ती म्हणाली.

ती सहाव्या थांब्यावर उतरली होती. तीन पावलं चालली, उजव्या हाताला कुंपण लागलंसुद्धा. पाऊस होता, अजून पुरतं उजाडलं नव्हतं. कुंपण संपलं तिथे फाटक नव्हतं. ती पुढे चालत राहिली. डॉक्टरचं पत्र एका माणसाला दाखवलं, त्याला हॉस्पिटल एवढा शब्द कळला असावा, त्याने हाताला धरून एका मोठ्या इमारतीत नेऊन बाकावर बसवलं. तिला वाटलं, पोचलो. नाव पुकारतील म्हणून ती साडेतीन तास त्या बाकावर बसून राहिली. ते दुसरंच इस्पितळ होतं. कुणाच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी गाडीतून तिला योग्य ठिकाणी पोचवलं, पण तोवर त्या दिवसाची यादी उरकून मोठे डॉक्टर गावाबाहेर गेले होते. पुढच्या गुरुवारी बघू म्हणाले.

"मी चुकले नाय ओ," ती म्हणत होती. "सहाच मोजले. दोनदा मोजले."

पुढच्या गुरुवारपर्यंत लढाई सुरू झाली होती आणि तिचा पडदा पुरता सुटला होता. ऑपरेशन केलं त्यांनी. नंतर तिला खिडकी कुठे आहे तेवढं कळायचं, खिडकीत कोण उभं आहे ते नाही. विमानं बंद, ती तिकडेच अडकली, मी इकडे.

फेब्रुवारीत कुवेतच्या तेलविहिरी पेटल्या आणि वारा फिरला की खोबरवर काळा धूर यायचा. भर दुपारी गाड्या दिवे लावून चालत. वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टांवर काजळीचे ठिपके पडत. अशाच एका दुपारी मी एजन्सीत शिरलो. तिथे गिऱ्हाईक चारच होतं, पण सगळी आपली माणसं, दोन रत्नागिरीची, एक नाशिकचा इंजिनिअर, एक रोह्याचा. मी दारातूनच सुरुवात केली. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तुझ्या पोपटपंचीने माझी बायको आंधळी झाली, हे त्यातल्या त्यात सौम्य.

तो उठला नाही. "वहिनी कितव्या थांब्यावर उतरल्या?" त्याने विचारलं.

"तू सांगितलेल्या. सहाव्या."

"आणि फाटक नव्हतं."

"नव्हतं. पुढे होतं. दोन थांबे पुढे."

त्याने खणातून वही काढली. पानं उलटली. एका ओळीवर त्याचं बोट थांबलं.

उलटा कागद वाचणं हा माझा धंदा आहे. समोरच्या व्यापाऱ्याच्या हातातली भावाची यादी मी टेबलाच्या पलीकडून वाचतो, त्याला कळायच्या आत. मी वाचलं. 'स्टेशन ते डोळ्यांचं इस्पितळ, आठ थांबे' ही ओळ पट्टी लावून खोडलेली होती. खाली 'सहा'. त्यापुढे माझ्या दुकानाचं नाव आणि दीड वर्षापूर्वीची तारीख.

तेव्हा आठवलं. मी जुन्या पंपांचा माल बघून मँचेस्टरहून परत आलो होतो. दुकानात ट्रक उभा होता, माल उतरायचा होता, आणि हा मला अर्धा तास धरून बसला होता. मी तिथे एकदाही बसमध्ये चढलो नव्हतो, माल विकणारा मला त्याच्या गाडीतून फिरवत होता. पण परीक्षेत दोनदा नापास करणाऱ्यापुढे हे कबूल कोण करणार? त्याने विचारलं, स्टेशनपासून दक्षिणेला गेलात? मी म्हटलं, गेलो. इस्पितळापर्यंत किती थांबे? पूर्वी आठ होते. मी म्हटलं, आता सहा. का म्हटलं ते मला आजही सांगता येणार नाही. वेगळं काहीतरी सांगितलं की तो खूश होतो आणि लवकर सोडतो, एवढं मला कळलं होतं. त्याने पट्टी लावली, आठ खोडले आणि खरोखरच मला सोडलं. त्यानंतर कुणी त्या बाजूला गेलं नाही, कुवेत झालं.

त्याने वहीवरून मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी वाचलंय हे त्याला कळलं. मग त्याने वही मिटली.

"चूक माझी आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी आणखी एकाला विचारून खात्री करायला हवी होती."

आणि मी ओरडत राहिलो. गप्प बसायला मला जागाच उरली नव्हती. रत्नागिरीच्या एकाने मला धरून बाहेर नेलं. "शेठ, घरी चला, माणूस कबूल करतोय ना," तो म्हणत होता. संध्याकाळपर्यंत सगळ्या खोबरला कळलं, कंडक्टरने चुकीचा रस्ता सांगितला आणि एका बाईचा डोळा गेला. जो भेटेल त्याला मीही तेच सांगत होतो. सांगता सांगता एखादी गोष्ट खरी होत जाते. पण ही झाली नाही.

ही माझी तक्रार. त्याने मला चारचौघांत खोटं पाडलं असतं तर मी चिडलो असतो, मारायला धावलो असतो, कदाचित रडलो असतो. घासाघीस झाली असती, तो इतका चुकला, मी तितका चुकलो, कुठेतरी येऊन दोघे थांबलो असतो. त्याने सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं आणि माझ्यापाशी बोलायला काही ठेवलं नाही. असा व्यवहार कुणी करतं?

लढाई संपली. विमानं सुरू झाल्यावर बायको तिकडून थेट गावी गेली, मुलांकडे. टेलिफोनवर तिने विचारलं, "कंडक्टरदादांना काय बोललात नाय ना? त्यांनी फार मेहनत घेतलेली." मी म्हटलं, "नाही बोललो." एवढं एक खोटं आणखी.

उन्हाळ्यात मी एजन्सीत गेलो. वही आता टेबलावर नव्हती. मँचेस्टरची गिऱ्हाइकं पुढच्या टेबलावर जात होती आणि त्याच्याकडे मुंबईची तिकिटं आली होती, सुट्टीवर घरी जाणाऱ्या मजुरांची, फार विचार न करता लिहून देण्याची. मी रांगेत उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. धंद्यात करतो तसं तीन प्रकारे ठरवलं होतं, एक जमलं नाही तर दुसरं. माझी पाळी आली, मी खुर्चीत बसलो.

"पासपोर्ट," तो म्हणाला.

"तिकीट नको मला."

"मग?"

"तो आकडा..."

"शेठ," त्याने मला तिथेच अडवलं. आवाजात राग नव्हता, दया तर मुळीच नव्हती. "तिकीट नको असेल तर खुर्ची मोकळी करा. माणसं उन्हातून आलीत."

मी उठलो. माझ्या जागी पेणचा एक सुतार बसला, सहा वर्षांनी घरी निघालेला. कंडक्टरने त्याचं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "मुंबईला उतरल्यावर पुढे कसे जाणार?"

सुतार हसला. "साहेब, माझंच गाव आहे ते. मला काय शिकवता?"

"शिकवत नाही. तुम्हीच सांगा," कंडक्टर पेन बाजूला ठेवत म्हणाला. "मी लिहून घेणार नाही. नुसतं ऐकतो."